रुग्णशय्येजवळ कोणी बसावे?

माणूस आजारी पडला म्हणजे त्याला औषध लागते, अन्न लागते आणि जवळ कोणी माणूस लागतो. पहिल्या दोन गोष्टींविषयी जगात कोणी वाद घालीत नाही. तिसरीविषयी मात्र २०२० साली जगभर वाद झाला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. कोरोनाच्या साथीत संस्थेत ठेवलेल्या म्हाताऱ्या, परावलंबी माणसांना त्यांच्या मुलाबाळांनी, नवऱ्याने किंवा बायकोने भेटावे की भेटू नये, हा तो वाद. वरवर पाहता हा परदेशातील इस्पितळांचा आणि सरकारी हुकुमांचा प्रश्न दिसतो. परंतु एका माणसाला दुसऱ्यापासून किती अंतरावर ठेवावे आणि ते अंतर कोणी ठरवावे, असा त्याचा खरा आशय आहे. या बाबतीतला अनुभव आपल्या समाजाच्या गाठी पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. म्हणून धम्माच्या दृष्टीने त्याचा विचार या पाक्षिकाच्या वाचकांपुढे मांडीत आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे एखाद्या डॉक्टरचा दहा-वीस खाटांचा खाजगी दवाखाना. तेथे बाळंतीण चार दिवस राहते आणि घरी येते. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, हॉलंड या देशांत अशा नावाची जी घरे असतात त्यांची गोष्ट वेगळी आहे. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले, स्वतःच्या हाताने जेवता न येणारे, स्मृती गेलेले असे वृद्ध तेथे राहावयास येतात आणि बहुतेकांचा शेवट तेथेच होतो. म्हणजे ते इस्पितळ कमी आणि त्या माणसाचे राहते घर अधिक. कुटुंबाने त्यांना तेथे टाकून दिलेले असते अशी आपल्याकडे एक समजूत आहे, ती सरसकट खरी नाही. रोज दुपारी येऊन आईला दोन घास भरविणारी मुलगी, रोज संध्याकाळी बायकोचा हात धरून बसणारा म्हातारा नवरा, हे अशा घरांतील नेहमीचे दृश्य असते. या लेखापुरते आपण अशा घराला शुश्रूषागृह म्हणू.

२०२० च्या फेब्रुवारीअखेर अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात किर्कलंड या गावच्या एका शुश्रूषागृहात कोरोना शिरल्याचे उघडकीस आले. ९ मार्चपर्यंत त्या एका घराशी संबंधित असे १२९ रोगी सापडले. त्यांत ८१ तेथे राहणारे, ३४ काम करणारे आणि १४ भेटायला आलेले होते. २३ माणसे दगावली. पाठोपाठ १३ मार्चला अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या संबंधित खात्याने देशभरच्या शुश्रूषागृहांना कळविले की, अखेरच्या घटका मोजणाऱ्यांसारखे मोजके अपवाद सोडून सर्व भेटी बंद करा. हॉलंडने २० मार्चपासून तसेच केले. इंग्लंड आणि कॅनडा येथेही त्याच सुमारास दारे लागली. काही आठवड्यांसाठी म्हणून घातलेली ही कुलपे महिनोन्‌महिने निघाली नाहीत. अमेरिकेत सप्टेंबर २०२० पासून अटींवर भेटी सुरू झाल्या, आणि सर्वांना सर्व वेळी भेटीची मोकळीक मिळाली ती १२ नोव्हेंबर २०२१ ला, म्हणजे वीस महिन्यांनी. जे माणूस आयुष्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर अशा घरात आलेले असते त्याच्या दृष्टीने वीस महिने म्हणजे काय, याचा हिशेब वाचकांनीच करावा. या काळात नातेवाईक खिडकीबाहेर उभे राहून काचेला तळहात लावीत आणि आतून म्हातारा किंवा म्हातारी त्याच जागी आपला हात लावी. ज्यांची स्मृती गेली होती त्यांना तर आपला माणूस आत का येत नाही, हेही समजत नव्हते.

ज्यांनी दारे लावली त्यांना निर्दय म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. मार्च २०२० मध्ये लस नव्हती, चाचण्या अपुऱ्या होत्या, मास्क मिळत नव्हते, आणि रोग म्हाताऱ्यांना पटापट नेत होता. शिवाय एका छपराखाली शंभर जण राहतात. माझी मुलगी मला भेटावी ही माझी इच्छा कितीही रास्त असली तरी तिच्या श्वासातून आलेला रोग शेजारच्या खाटेवरील बाईला मारू शकतो, आणि त्या बाईने माझ्या मुलीला बोलाविलेले नसते. प्राणातिपातापासून विरत राहण्याचे शील आपण घेतो. बेफिकिरीने दुसऱ्याच्या मृत्यूला कारण होणे त्या शीलाच्या कक्षेबाहेर आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. म्हणून पहिल्या काही आठवड्यांतील बंदी मला समर्थनीय वाटते. प्रश्न त्यानंतरचा आहे.

त्याकडे वळण्यापूर्वी आपल्याच घरातील एक शंका दूर करावी लागेल. नवदीक्षित कुटुंबांतील एखादा चिकित्सक तरुण असे विचारील की, आपण आत्मा मानीत नाही, मुलाच्या हातचे पाणी तोंडात पडल्याने गती मिळते असे मानीत नाही, पिंडदान सोडले, मग शेवटच्या भेटीचा एवढा आग्रह कशासाठी? मरणारा मरणारच आहे. जवळ मुलगा असला काय आणि पगारी नर्स असली काय, फरक कोणता? ही शंका मला महत्त्वाची वाटते, कारण जुन्या समजुती सोडताना आपण त्यांच्याबरोबर चांगले काही फेकून तर देत नाही ना, हे तिच्यामुळे तपासता येते.

अंगुत्तर निकायात नकुलपिता आणि नकुलमाता या भग्ग देशातील जोडप्याची हकिकत आहे. नकुलपिता फार आजारी पडला, वाचण्याची आशा राहिली नाही. तेव्हा नकुलमाता त्याच्याजवळ बसून म्हणाली की, मनात काळजी ठेवून मरू नका, तसे मरण दुःखाचे असते. मग त्याच्या मनात काय काय सलत असेल ते ती स्वतःच एकेक करून सांगू लागली. मुलांचे कसे होईल अशी चिंता असेल, तर मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, मी मुलांना पोशीन आणि घर चालवीन. मी दुसरे घर करीन अशी शंका असेल, तर आपण दोघांनी इतकी वर्षे कसा संसार केला हे तुम्हाला ठाऊक आहे. भगवंतांच्या आणि संघाच्या दर्शनाला मी जाणार नाही असे वाटत असेल, तर मी पूर्वीपेक्षा अधिक जाईन. ती बोलत असतानाच नकुलपित्याचा आजार उतरू लागला, आणि पुढे तो काठी टेकीत तथागतांना भेटावयास गेला तेव्हा, अशी हितचिंतक बायको तुला लाभली हे तुझे मोठे भाग्य, असे तथागत त्याला म्हणाले.

आजार बोलण्याने उतरला की औषधाने, या वादात आपण पडू नये. या कथेतील दुसरी गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नकुलमातेने एकही मंत्र म्हटला नाही आणि परलोकाची गोष्ट काढली नाही. सूत, लोकर, मुले, संसार यांबद्दल ती बोलली. त्या विशिष्ट माणसाच्या मनातील विशिष्ट काळजी कोणती हे तिला ठाऊक होते, आणि ते तिच्याखेरीज दुसऱ्या कोणालाही ठाऊक असणे शक्य नव्हते. कितीही कुशल आणि प्रेमळ नर्स असली तरी धाकट्या मुलीच्या लग्नाचे काय झाले, भावाशी अबोला मिटला की नाही, हे ती सांगू शकत नाही. तरुण मित्राच्या शंकेला माझे उत्तर हे आहे. जवळच्या माणसाची भेट मेल्यानंतरच्या कोणत्या गतीसाठी नसते. जिवंत माणसाचे आत्ताचे दुःख हलके करण्याची ती एक रीत आहे आणि धम्माचा सारा व्यवहार दुःखाशीच आहे.

परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रातील एक प्रसंग वाचकांना माहीत असेलच. १९१३ च्या आरंभी ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले होते. वडील आजारी असल्याची तार येताच ते मुंबईस निघाले. वाटेत सुरत स्थानकावर वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा सुभेदार रामजींचे डोळे मुलालाच शोधीत होते. त्यांनी मुलाच्या पाठीवरून थरथरता हात फिरविला आणि प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३. गाडी चुकल्याची रुखरुख कोणत्याही मुलाला का लागावी? कोणता विधी राहून गेला म्हणून ती लागत नाही. ते डोळे रात्रभर दाराकडे लागले होते म्हणून लागते.

आता काही जण म्हणतील की, भेट म्हणजे देहाची भेटच कशाला पाहिजे? २०२० मध्ये शुश्रूषागृहांनी टॅब आणि फोन आणून चित्रफितीच्या पडद्यावर बोलण्याची सोय केली होती. ती सोय चांगलीच होती, आणि परदेशी नोकरीला असलेल्या मुलांना ती अजूनही उपयोगी पडते. परंतु संयुत्त निकायातील वक्कली भिक्षूची कथा येथे आठवते. वक्कली राजगृहात एका कुंभाराच्या घरी आजारी पडला होता. तथागतांच्या दर्शनाची त्याला ओढ होती, पण उठण्याचे बळ नव्हते. तथागतांनी त्याला सांगितले की, या नाशवंत देहाला पाहून काय मिळणार, ज्याने धम्म पाहिला त्याने मला पाहिले. हे वाक्य आपल्या सभांतून पुष्कळदा सांगितले जाते. मात्र ते तथागतांनी वक्कलीच्या खाटेजवळ जाऊन सांगितले, निरोप पाठवून नव्हे, ही गोष्ट सांगावयाची आपण विसरतो. देह पाहण्याची गरज नाही हे सांगण्यासाठीसुद्धा ते स्वतः चालत गेले.

शुश्रूषेच्या संबंधात आपल्या वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध कथा महावग्गात आहे आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही तथागतांची रुग्णांविषयीची आस्था आवर्जून सांगितली आहे. एक भिक्षू हगवणीने आजारी होऊन आपल्याच मळमूत्रात पडला होता. तथागत आनंदासह फिरत फिरत तेथे आले. तुझी शुश्रूषा कोणी करीत नाही काय, असे त्यांनी विचारले. भिक्षू म्हणाला, मी इतर भिक्षूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझे काही करीत नाहीत. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, स्वतः ओतले, आनंदाने धुतले, आणि दोघांनी डोक्याकडून व पायांकडून धरून त्याला खाटेवर निजविले. मग त्यांनी संघाला गोळा करून सांगितले की, तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांचे केले नाही तर कोण करील?

या कथेचा उपयोग दोन्ही बाजूंनी करता येतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. कोणी म्हणेल, पाहा, तथागतांनी आई-बापांना बोलावणे धाडले नाही, संस्थेनेच शुश्रूषा करावी असा नियम घालून दिला. मग शुश्रूषागृहानेही तेच केले तर कुटुंबाचे काय काम? हे म्हणणे बरोबर ठरले असते, जर दारे लावल्यावर आतील शुश्रूषा तशी झाली असती तर. कॅनडात काय घडले ते पाहा. तेथे पहिल्या लाटेत कोरोनाने जे मृत्यू झाले त्यांपैकी सुमारे ८० टक्के शुश्रूषागृहांशी व तशाच वृद्धनिवासांशी संबंधित होते. काही घरांत कामगार इतके कमी पडले की सरकारला लष्कर पाठवावे लागले. ऑन्टारिओ प्रांतातील पाच शुश्रूषागृहांत गेलेल्या सैनिकांनी जे पाहिले त्याचा अहवाल मे २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. घाण झालेले कपडे न बदलता पडलेले वृद्ध, मदतीसाठी मारलेल्या हाकांना बराच वेळ न मिळणारे उत्तर, झुरळे, असे त्यात नमूद आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या विहारातील तो भिक्षू पुन्हा तसाच पडलेला होता, आणि कारणही बहुधा तेच, की तो आता कोणाच्या उपयोगाचा राहिला नव्हता. मुलगी रोज दुपारी येत होती तेव्हा आईची चादर ओली आहे हे तिच्या नजरेस पडत होते आणि ती आरडाओरडा करीत होती. दार लागले तेव्हा हा साक्षीदार बाहेर राहिला. आत काय चालले आहे हे जगाला कळावयास सैनिक जावे लागले.

महावग्गातच शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता यावे. पथ्य आणि अपथ्य कळावे. मैत्रीने करावे, लाभाच्या आशेने करू नये. मळ, मूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस येऊ नये. आणि रुग्णाचे मन धम्माच्या गोष्टींनी प्रसन्न करता यावे. यांपैकी पहिले दोन शिकून येतात, चौथा सवयीने येतो. तिसऱ्याची आणि पाचव्याची हमी कोणतीही संस्था पगार देऊन घेऊ शकत नाही. कधी कधी तेही मिळते, आणि तशा नर्सेसना व आयांना मी मनापासून वंदन करतो. पण त्यावर विसंबून राहता येत नाही.

आता अंतराच्या प्रश्नाकडे येऊ. ‘दूर राहा’ हे शब्द आपण शतकानुशतके ऐकले. गावाच्या वेशीबाहेर, विहिरीपासून दूर, देवळाच्या पायरीखाली. त्यामुळे २०२० साली दोन हातांचे अंतर ठेवा असे सरकार सांगू लागले तेव्हा काही सवर्ण मंडळींना सोवळ्याओवळ्याच्या जुन्या चालीला विज्ञानाचा आधार मिळाल्याचा आनंद झाला. त्यांना काय उत्तर द्यावे? रोगाचे अंतर आणि जातीचे अंतर दिसायला सारखे असले तरी त्यांची परीक्षा करता येते. रोगाच्या अंतराला कारण असते आणि ते तपासून पाहता येते. ते ब्राह्मणालाही लागू असते, डॉक्टरलाही असते. रोग गेला की ते संपते. जातीच्या अंतराला यांतले काहीच नसते. नांगर धरणाऱ्याचे आणि मेलेले ढोर ओढणाऱ्याचे हात तपासून कोणी ते ठरविले नव्हते, आणि अमुक तारखेला ते संपेल असे कोणी सांगितले नव्हते.

आपल्या महाराष्ट्राने १८९७ च्या प्लेगात ही दोन्ही अंतरे एकाच वेळी पाहिली. साथीच्या रोगांचा कायदा त्याच वर्षी झाला. रँडसाहेबाचे सोजीर पुण्यात घरोघर शिरून रोग्यांना इस्पितळात आणि घरच्या माणसांना छावणीत नेऊ लागले, आणि नेलेल्या माणसाचे पुढे काय झाले हे घरच्यांना कळत नसे. शास्त्राच्या दृष्टीने वेगळे ठेवणे चूक नव्हते. लोक चिडले ते ज्या रीतीने ते केले गेले तिच्यावर. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा केली. प्लेग झालेल्या एका अस्पृश्य मुलाला उचलून आणताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. प्लेग कसा धरतो हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पण त्या मुलाला ज्या अंतरावर ठेवले होते त्यात रोगाचे किती आणि जातीचे किती, हेही त्यांना ठाऊक होते.

हीच परीक्षा शुश्रूषागृहांच्या दारांना लावून पाहावी. नातेवाइकांना बंदी घातली आणि मुलीला अपवित्र मानले, असे मी मुळीच म्हणत नाही. तसे कोणी मानले नाही. परंतु त्या दारातून रोज तीन पाळ्यांत कामगार आत-बाहेर करीत होते, आणि ते करावेच लागते. किर्कलंडच्या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या सरकारी तज्ज्ञांनी रोग पसरण्याची जी कारणे नोंदविली त्यांत, लक्षणे असतानाही कामावर येणे आणि एकाच कामगाराने एकाहून अधिक घरांत काम करणे, ही होती. यात त्या कामगारांचा दोष किती? पाश्चात्त्य देशांत या कामावर मोठ्या प्रमाणात गरीब, काळ्या आणि परदेशांतून आलेल्या स्त्रिया असतात. खाडा झाला की पगार जातो, एका घरच्या पगारात भागत नाही म्हणून दोन घरे धरतात. आपल्याकडे झाडूवाली, आया, वॉर्डबॉय यांची जी गत तीच. म्हणजे रोगाचा रस्ता बंद करावयाचा तर या बायांना आजारपणाची पगारी रजा आणि पोटापुरता पगार द्यावयास हवा होता. त्याला पैसा लागतो. मुलीला दाराबाहेर ठेवावयाला काहीच लागत नाही.

मुलगीही मास्क लावावयास तयार होती, चाचणी करून घ्यावयास तयार होती, दुसरीकडे कोठे न जाण्याचे वचन द्यावयास तयार होती. चाचण्या आणि मास्क मिळू लागल्यावरही तिला ‘भेटायला येणारी’ म्हणून बाहेर ठेवले, तेव्हा त्या अंतराचे कारण रोगापुरते उरले नाही असे माझे मत आहे. त्यात दर्जा शिरला. आत जाण्याचा परवाना ज्याच्या गळ्यात संस्थेचा बिल्ला त्यालाच. येणाऱ्यांची संख्या वाढली की धोका वाढतो हे खरे आहे. पण मग एका वृद्धामागे एक ठरलेले माणूस एवढी मर्यादा घालता आली असती, आणि इंग्लंडने मार्च २०२१ मध्ये तसे केलेही. हॉलंडने तर त्याहून आधी हिंमत केली. ११ मे २०२० पासून २६ शुश्रूषागृहांत, नियम घालून, नातेवाइकांना आत घेतले आणि काय होते ते अभ्यासकांनी मोजले. पहिल्या तीन आठवड्यांत एकाही घरात नवी लागण झाली नाही, आणि वृद्धांच्या मनःस्थितीवर चांगला परिणाम झाल्याचे घरांनी सांगितले. त्या वेळी देशात साथ ओसरत होती, हे लक्षात ठेवूनच या आकड्याकडे पाहिले पाहिजे. तरी पद्धत मला आवडली. भीती बाळगावी, पण ती तपासून पाहावी. कालामांना तथागतांनी याहून वेगळे काय सांगितले होते?

हक्क कोणाचा, हा या वादातील सर्वांत नाजूक भाग आहे. चळवळी करणारे नातेवाईक ‘आमचा भेटण्याचा हक्क’ असे म्हणतात. मला वाटते, हक्क मुलाचा नाही, खाटेवरील माणसाचा आहे. याचे कारण आपल्या वाचकांना लगेच पटेल. म्हाताऱ्याकडे एखादा मुलगा सेवेसाठी येतो आणि एखादा कोऱ्या कागदावर अंगठा घेण्यासाठी. ज्या बाईला नवऱ्याने आयुष्यभर मारले तिने मरतानाही त्याचे तोंड का पाहावे? रक्ताचे नाते हेच प्रमाण मानले तर अशांनाही आत सोडावे लागेल. उलट एखाद्या विधवेचे सगळे जग म्हणजे शेजारची मैत्रीण किंवा विहारातील उपासिका असू शकते. तिला ‘नात्यातली नाही’ म्हणून परत पाठविणे अन्यायाचे होईल. सिगालाला गृहस्थधर्म सांगताना तथागतांनी आई-वडिलांच्या खालोखाल बायको, मित्र आणि घरातील नोकर यांच्याशी असलेले कर्तव्यही सांगितले आहे, हे विसरू नये. तेव्हा ज्याचे दुःख त्याने सांगावे की मला कोण हवे. बोलता येत नसेल तर पूर्वी तो कोणाची वाट पाहत असे हे तेथील आयांना पक्के ठाऊक असते.

पुढे काही देशांनी कायदे केले. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या मतदारांनी २ नोव्हेंबर २०२१ रोजी, शुश्रूषागृहातील माणसाला आपले एक निवडलेले माणूस भेटीसाठी नेमता यावे आणि त्याची भेट बंद करता येऊ नये, अशी तरतूद थेट राज्याच्या घटनेतच घातली. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून नियम लागू झाला की, शुश्रूषागृह, इस्पितळ आणि मरणासन्नांची सेवा करणारी गृहे यांनी अपवादात्मक परिस्थिती वगळता भेटी नाकारू नयेत. स्कॉटलंडच्या पार्लमेंटनेही २०२५ मध्ये अशाच आशयाचा कायदा केला. सगळे ‘अपवादात्मक परिस्थिती’ या शब्दांवर येऊन अडणार, हे उघड आहे. अपवाद असावा याला माझा विरोध नाही. पण जो दार लावील त्याने कारण लेखी द्यावे आणि दार कोणत्या तारखेला पुन्हा उघडेल ते त्याच कागदावर लिहावे. तारीख नसलेल्या बंदीवर आपल्या लोकांनी कधी विश्वास ठेवू नये.

आपल्याकडे तशी शुश्रूषागृहे थोडी. हा प्रश्न आपल्याकडे कोविड वॉर्डांच्या दाराशी आला. घरच्यांनी रुग्णवाहिकेत बसविलेला माणूस कित्येकांना पुन्हा दिसलाच नाही. वास्तविक केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने १५ मार्च २०२० लाच सूचना दिली होती की, कर्मचाऱ्यांनी काळजी घेऊन पिशवीची चेन तोंडापाशी उघडावी आणि नातेवाइकांना अखेरचे दर्शन घेऊ द्यावे, आणि शरीराला स्पर्श न होणारे धार्मिक पाठही होऊ द्यावेत. म्हणजे दुरून त्रिशरण-पंचशील म्हणावयास मनाई नव्हती. ही सूचना किती कुटुंबांना ठाऊक होती? मागितली असती तर कित्येक ठिकाणी ती गोष्ट मिळाली असती. आपला हक्क कोणत्या कागदावर लिहिलेला आहे हे वाचून काढण्याची सवय बाबासाहेबांनी आपल्याला लावली, ती रुग्णालयाच्या दारातही चालू राहिली पाहिजे.

शिवाय आपल्या वस्त्यांतील मुले आता पुण्या-मुंबईला, आखाती देशांत, अमेरिकेत नोकरीला जाऊ लागली आहेत. म्हातारे आई-वडील मागे राहतात आणि वृद्धाश्रमाचे नाव काढले की घरात भांडणे होतात. वृद्धाश्रमात ठेवणे हे पाप आहे असे मी म्हणणार नाही. घरात उपाशी ठेवण्यापेक्षा ते बरे. पण ठेवण्यापूर्वी तेथील व्यवस्थापकांना विचारावे की, साथ आली तर तुम्ही काय कराल? आत कोणाला घ्याल, किती जणांना, आणि ते कोण ठरवील? म्हाताऱ्या माणसाने शुद्धीत असतानाच दोन नावे लिहून ठेवावीत, त्यांतील एक घरचे असावे आणि एक गावातच राहणारे. प्रत्येक विहारात चार-पाच उपासक-उपासिकांनी रुग्णाजवळ कसे बसावे, हात कसे धुवावेत, मास्क केव्हा लावावा आणि केव्हा मुळीच जाऊ नये, हे एखाद्या नर्सकडून शिकून घ्यावे. स्वतःला खोकला असताना प्रेमाच्या नावाखाली आत घुसणारा मनुष्य शुश्रूषक नव्हे. पथ्य-अपथ्य कळणे हा गुण महावग्गात मैत्रीच्या आधी मोजला आहे.

एक अडचण मात्र नियमांनी सुटत नाही. खोलीत दोन खाटा असतात. एकीला तिची मुलगी हवी असते आणि दुसरीला कोणीही बाहेरचे आत आले की मरणाची भीती वाटते. दोघींचेही म्हणणे रास्त आहे, आणि कायदा यांपैकी एकीची बाजू घेऊन मोकळा होतो. मला वाटते, जी उठू शकते तिची भेट अंगणात व्हावी. जी उठू शकत नाही तिच्यासाठी दुसरीची खाट तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत न्यावी, पण ती न्यावयाच्या आधी तिला विचारावे. ती नाही म्हणाली तर मुलीने त्या दिवशी खिडकीतूनच बोलावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.